दुचाकीस्वाराचे इशारे आणि रस्त्यावरील रेषा

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ माणसे, म्हणजे शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवर बसलेली होती. मोटारीतील माणसाभोवती पत्र्याचे कवच असते, ट्रकचालक रस्त्यापासून बराच उंच बसलेला असतो. दुचाकीवरील माणूस मात्र उघड्यावर असतो. शिरस्त्राण त्याच्या डोक्याचे रक्षण करते आणि ते गळपट्टा बांधूनच घातले पाहिजे, याविषयी वाद नाही. परंतु शिरस्त्राणाचे काम आघात झाल्यानंतर सुरू होते. आघात होऊच नये यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. आपण काय करणार आहोत हे इतरांना वेळेवर कळले पाहिजे; आणि पुढे काय आहे हे रस्ता स्वतः सांगत असतो, ते आपल्याला वाचता आले पाहिजे. प्रस्तुत प्रकरणात या दोन गोष्टींचाच विचार केला आहे. तोल सांभाळणे, क्लच सोडणे, गिअर बदलणे ही कौशल्ये नवशिक्याच्या अंगवळणी थोड्याच दिवसांत पडतात. इशारे देण्याची आणि रेषा वाचण्याची सवय मात्र आपोआप लागत नाही; ती लावून घ्यावी लागते.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगून पुढे जाऊ. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. गिअर असलेली मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी पालकांच्या संमतीने सोळा वर्षे पुरतात. शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर निदान तीस दिवस गेल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. या परीक्षेत इंग्रजी आठच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी फिरवणे हाच मुख्य भाग आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि उमेदवार मैदानावर दिवसचे दिवस तेवढ्याचाच सराव करतात. वस्तुतः हाताने किंवा दिव्याने, योग्य वेळी आणि नि:संदिग्ध रीतीने इशारा देता येणे ही गोष्टदेखील परीक्षेच्या नियमांत स्पष्टपणे नमूद केलेली आहे. नियम करणाऱ्यांनी वापरलेले ‘योग्य वेळी’ आणि ‘नि:संदिग्ध’ हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. पुढील विवेचन बव्हंशी त्यांचाच विस्तार आहे.

हाताचे पाच इशारे

१९८९ च्या रस्तेविषयक नियमावलीत चालकाने द्यावयाचे पाच इशारे सांगितले होते. २०१७ मध्ये तिची जागा नव्या विनियमांनी घेतली असली, तरी हे पाच इशारे प्रत्येक स्वाराला ठाऊक असले पाहिजेत, कारण दिवा बंद पडल्यावर हातच उरतो. वेग कमी करायचा असेल तर उजवा हात बाजूला पसरून, तळवा जमिनीकडे ठेवून, तो काही वेळा खालीवर हलवायचा. थांबायचे असेल तर उजवा हात कोपरात वाकवून पुढचा भाग सरळ वर उभा धरायचा. उजवीकडे वळायचे, किंवा पुढील वाहनाला मागे टाकण्यासाठी उजवीकडे सरकायचे असेल, तर उजवा हात आडवा ताठ धरायचा व तळवा समोर करायचा. डावीकडे वळण्यासाठी तोच हात पसरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. आणि मागच्या वाहनाला ‘तुम्ही पुढे जा’ असे सुचवायचे असेल, तर पसरलेला हात मागून पुढे अर्धवर्तुळात झुलवायचा.

वाचकाच्या लक्षात आले असेल, की हे पाचही इशारे उजव्या हाताचे आहेत. डावीकडे वळायचे असले तरी हात उजवाच. याचे कारण असे, की हे इशारे मोटारीच्या खिडकीतून जन्मलेले आहेत. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून चालक गाडीत उजवीकडे बसतो, आणि त्याचा एकच हात खिडकीबाहेर येऊ शकतो. मोटारचालकाची यात काही गैरसोय होत नाही, कारण त्याचे ब्रेक व ॲक्सिलरेटर पायांपाशी असतात. दुचाकीवर मात्र नेमका उजवा हातच सर्वांत कामाचा असतो. ॲक्सिलरेटरची मूठ त्याच्या ताब्यात, पुढचा ब्रेकही त्याच्याच बोटांखाली. हा हात हँडलवरून उचलला की मूठ आपोआप मिटते, गाडीचा वेग उतरू लागतो, आणि स्वाराजवळ मागचा ब्रेक तेवढा उरतो. जोराने थांबायची वेळ आली तर पुढचा ब्रेकच अधिक उपयोगी पडतो, कारण ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणजे हाताने इशारा देत असलेला स्वार त्या क्षणी थांबण्याच्या दृष्टीने निम्मा अधू असतो.

यावरून निघणारा व्यावहारिक नियम असा : हाताचा इशारा वळणाआधी द्यावा, वळताना नव्हे. रस्ता सरळ व सपाट असेल, पुढे मोकळी जागा असेल, अशा ठिकाणी हात दोन-तीन सेकंद स्पष्टपणे धरावा, मग तो मुठीवर परत आणावा, आणि त्यानंतरच ब्रेक, गिअर व वळण यांच्या मागे लागावे. खड्ड्यांतून, गतिरोधकावरून किंवा वाळू पसरलेल्या वळणावर एका हाताने गाडी हाकणे धोक्याचे आहे. तेथे दिव्यावर भिस्त ठेवावी, आणि दिवा नसेल तर वळण्याचाच बेत लांबणीवर टाकावा.

डावा हात मोकळा असतो म्हणून काही स्वार डाव्या हाताने, किंवा नुसत्या पायाने, दिशा दाखवतात. मागे बसलेल्या व्यक्तीने हात बाहेर काढून हलवण्याची प्रथा तर देशभर आहे. तिच्यामागील हेतू चांगला असतो. पण मागून येणाऱ्याला तो हात वळण्याचा आहे, थांबण्याचा आहे, की डोंगर दाखवण्यासाठी उचललेला आहे, हे कळण्याची सोय नसते. कित्येकदा मागे बसलेल्याचा हात एक सांगतो आणि गाडीचा दिवा दुसरेच. इशारा देण्याचे काम गाडी चालवणाऱ्यानेच करावे.

दिव्यांचे इशारे

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दिशादर्शक दिव्याचा रंग पिवळसर नारिंगी असावा लागतो, आणि त्याने मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही व १२० पेक्षा अधिक नाही इतक्या वेळा लुकलुकावे लागते. म्हणजे सेकंदाला एक ते दोन वेळा. आता हिशेब करू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर अंतर तोडते. वळणाच्या १० मीटर अलीकडे बटण दाबले तर मागच्या चालकाला एक, फार तर दोन लुकलुकी दिसतील, आणि त्यांचा अर्थ त्याच्या मनात उतरेपर्यंत आपण वळू लागलेलो असू. तीन-चार सेकंद आधी, म्हणजे शहरात निदान ३०-४० मीटर अलीकडे, इशारा सुरू झाला पाहिजे. महामार्गावर याच्या दुप्पट-तिप्पट अंतर राखणे शहाणपणाचे. मात्र फार आधी दिलेला इशाराही फसवा ठरतो. मध्ये आणखी एखादी गल्ली किंवा पेट्रोलपंपाचे तोंड असेल, तर आपण तेथेच वळणार असे मागचा समजेल. तेव्हा आधीचा फाटा ओलांडल्यावरच बटण दाबावे.

इशारा सुरू करण्याइतकेच तो बंद करणे महत्त्वाचे आहे, आणि नवशिक्यांच्या हातून बहुतेक वेळा राहून जाते ते हेच. मोटारीचे सुकाणू सरळ झाले की दिवा आपोआप विझतो. आपल्याकडील बहुतेक दुचाकींवर तो स्वाराला विझवावा लागतो. कल्पना करा, एक स्वार डावीकडे वळून मुख्य रस्त्याला लागला आहे आणि त्याचा डावा दिवा तसाच लुकलुकत आहे. पुढे डाव्या हाताच्या आडरस्त्यावर एक टेम्पो थांबलेला आहे. टेम्पोचालक पाहतो, की दुचाकी आपल्याच रस्त्यात वळणार. तो निर्धास्तपणे गाडी पुढे काढतो. दुचाकीस्वार सरळ येतो. टेम्पोचालकाने इशाऱ्यावर विश्वास ठेवला एवढेच घडले. म्हणून वळण पुरे होताच डाव्या अंगठ्याने बटण दाबून पाहण्याची सवय लावावी, मग दिवा चालू असल्याची शंका असो वा नसो. आणि आडरस्त्यावरून बाहेर पडताना आपण स्वतः मात्र दुसऱ्याच्या लुकलुकत्या दिव्यावर विसंबू नये. त्याचा वेग उतरतो आहे का, त्याचे पुढचे चाक वळू लागले आहे का, हे पाहावे.

चारही दिवे एकदम लुकलुकवण्याची सोय आता पुष्कळ दुचाकींवर आलेली आहे. ती बंद पडून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीसाठी आहे. चौकातून ‘मी सरळ जाणार’ हे सांगण्यासाठी चारही दिवे लावण्याची पद्धत सगळीकडे पसरली आहे. ती समूळ चुकीची आहे. बाजूने पाहणाऱ्याला चारपैकी एकाच बाजूचे दिवे दिसतात आणि आपण त्याच्याकडे वळत आहोत असा त्याचा ग्रह होतो. सरळ जाणाऱ्याने कोणताही इशारा द्यायचा नसतो.

मागच्या लाल दिव्याचाही विचार केला पाहिजे. ब्रेक दाबला की तो तेजाळतो. परंतु नुसती मूठ मिटून किंवा खालचा गिअर टाकून वेग कमी केला तर तो तेजाळत नाही, आणि मागच्या वाहनाला काही कळत नाही. अशा वेळी ब्रेकचे पाते अगदी हलके, गाडी अडखळणार नाही इतकेच दाबून धरावे. दिव्यांवर काय येते आहे हेही निघण्यापूर्वी पाहावे. दोन्ही बाजूंना लटकवलेल्या दुधाच्या किटल्या, मागे बांधलेले पोते, पावसाळ्यात पाठीवरून लोंबणारा रेनकोट, ओढणी किंवा साडीचा पदर यांमुळे मागचे दिवे पूर्ण झाकले जातात, आणि स्वाराला त्याची गंधवार्ताही नसते. भर दुपारच्या उन्हात तर उघडा दिवासुद्धा फिका पडतो. त्या वेळी दिवा आणि हात दोन्ही वापरावेत.

महामार्गावर इशाऱ्यांची एक अलिखित बोलीही आहे, आणि ती प्रत्येक प्रांतात सारखी नाही. पुढचा ट्रक उजवा दिवा लुकलुकवतो. त्याचा अर्थ कधी ‘पुढे या, रस्ता मोकळा आहे’ असा असतो, कधी ‘येऊ नका, समोरून गाडी आहे’ असा, आणि कधी तो ट्रक खरोखरच उजवीकडे वळणार असतो. एकाच दिव्याचे तीन अर्थ, त्यांतील दोन परस्परांच्या विरुद्ध. समोरच्याने हेडलाइट झपकन लावून विझवला, तर आपल्याकडे बहुधा ‘मी येतो आहे, तुम्ही थांबा’ असा अर्थ असतो. ब्रिटनमध्ये त्याच खुणेने वाट दिली जाते. ट्रकांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्याची जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये तिला बंदी घातली, कारण त्या शब्दांमुळे विनाकारण भोंगे वाजवण्यास उत्तेजन मिळते. नवशिक्याने या बोलीतून माहिती घ्यावी, परवानगी घेऊ नये. ट्रकचालकाला दिसणारा रस्ता आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपण दिसतो का?

इशारा दिला म्हणजे तो पाहिला गेला असे नाही. समोरून येणारी दुचाकी अरुंद असते, आणि माणसाचा डोळा लहान वस्तू दूर असल्याचे मानतो. त्यामुळे चौकात उभ्या असलेल्या मोटारचालकाला दुचाकी प्रत्यक्षाहून दूर आणि सावकाश येणारी वाटते. शिवाय काचेच्या दोन्ही बाजूंचे पत्र्याचे खांब एक अख्खी मोटारसायकल सहज झाकू शकतात. ‘मी पाहिले होते, पण कोणी नव्हते’ असे अपघातानंतर सांगणारा चालक पुष्कळदा खोटे बोलत नसतो. याच कारणाने १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत दिवसाही आपोआप लागलेला राहील अशी सक्ती करण्यात आली. जुन्या गाडीच्या स्वाराने दिवसा तो हाताने लावावा, अर्थात प्रकाश खाली झुकवून. मोठ्या वाहनाच्या मागे असताना एक साधी कसोटी उपयोगी पडते : त्याच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही.

डांबरावरील लिपी

रस्त्याच्या मधोमध रेषा आखण्याची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वेन परगण्याच्या रस्ते-मंडळावर असलेले एडवर्ड हाइन्स यांनी १९११ साली अशी रेषा आखवली. गळक्या दुधाच्या गाडीने रस्त्यावर काढलेली पांढरी रेघ पाहून त्यांना ती सुचली असे सांगतात. भारतात १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. तिने १९७० मध्ये रस्त्यावरील रेषांसाठी संहिता तयार केली आणि पुढे वेळोवेळी ती सुधारली. काश्मीरपासून केरळपर्यंत रेषांचा अर्थ एकच राहतो तो या संहितेमुळे. फलकावरील अक्षरे कळत नसलेल्या प्रांतातही रेषा वाचता येते.

मध्यरेषेत रंगापेक्षा आधी ती तुटक आहे की अखंड हे पाहावे. तुटक रेषा दोन्ही दिशांच्या वाहनांना वेगळे करते; रस्ता मोकळा दिसत असेल तर पुढच्या वाहनाला मागे टाकण्यासाठी ती ओलांडता येते. अखंड रेषा ओलांडायची नसते. दोन अखंड रेषा शेजारी शेजारी असतील तर दोन्ही बाजूंना मनाई. एक अखंड व एक तुटक असेल, तर आपल्या बाजूला कोणती आहे ते पाहायचे : जवळची तुटक असेल तर सावधपणे ओलांडावे, जवळची अखंड असेल तर ओलांडू नये, मग पलीकडून येणारे खुशाल आपल्या बाजूला येत असोत. वळण किंवा चौक जवळ येऊ लागला की तुटक रेषेचे तुकडे लांबतात आणि मधल्या फटी आखूड होतात. हा बदल फलक दिसण्यापूर्वीच सूचना देतो, आणि खाली रस्त्याकडे नजर ठेवणाऱ्या दुचाकीस्वाराला तर तो मोटारचालकाहूनही लवकर जाणवायला हवा.

अखंड रेषा मनमानीने आखलेली नसते. रस्त्याचे अभियंते चालकाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर धरून पुढे किती अंतर दिसते ते मोजतात, आणि जेथे ते अपुरे भरते तेथे ओलांडण्यास मनाई करतात. मोटारसायकलवर बसलेल्याचा डोळा याहून थोडा उंच असतो. त्याला चढावरून चार पावले पुढचे दिसते आणि आपण रेषेहून शहाणे आहोत असे वाटते. त्यासाठी एक हिशेब करून पाहावा. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या १० मीटर लांबीच्या ट्रकला ताशी ६० ने मागे टाकायचे आहे. मागे १५ व पुढे १५ मीटर अंतर राखायचे, म्हणजे ट्रकच्या तुलनेत ४० मीटर अधिक जायचे. वेगातील फरक सेकंदाला साधारण साडेपाच मीटर; तेव्हा सात सेकंद लागतात. या सात सेकंदांत आपण सुमारे १२० मीटर जातो. समोरून तितक्याच वेगाने कोणी येत असेल तर तोही १२० मीटर येतो. म्हणजे सुरुवातीला जवळजवळ पाव किलोमीटर रस्ता रिकामा दिसायला हवा. चढावर किंवा घाटाच्या वळणावर इतका रस्ता कोणत्याच उंचीवरून दिसत नाही.

चौकातील खुणा अधिक परिचित आहेत. पांढरी आडवी थांबरेषा, तिच्यापुढे पादचाऱ्यांसाठी पट्टे. गाडीचे पुढचे चाक थांबरेषेच्या अलीकडे राहिले पाहिजे. मोटारींच्या मधून वाट काढत सर्वांत पुढे येऊन पट्ट्यांवर उभे राहण्याची दुचाकीस्वारांची सवय पादचाऱ्यांना थेट वाहत्या रस्त्यात ढकलते. मोठ्या शहरांत चौकाच्या मध्यभागी पिवळ्या रेषांची जाळी आखलेली आढळते. पलीकडे जाण्यास जागा मोकळी झाल्याशिवाय त्या जाळीत शिरायचे नाही, दिवा हिरवा असला तरीही. मार्गिकेत बाण रंगवलेला असेल तर त्याच दिशेने जावे. चुकीच्या मार्गिकेत सापडलेल्याने आडवे घुसण्यापेक्षा बाण नेईल तिकडे जाऊन पुढून परत फिरावे. दोन-चार मिनिटांचाच प्रश्न असतो. तिरप्या पट्ट्यांनी भरलेला भाग हा रंगवलेला दुभाजकच समजावा. लाल दिव्याला डावीकडे वळण्यास, तशी परवानगी देणारा फलक वा बाण नसेल तर, मुभा नसते.

पिवळ्या दिव्याविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. पिवळा म्हणजे थांबा. सुरक्षितपणे थांबता येणार नाही इतके आपण रेषेच्या जवळ आलेलो असलो तरच पुढे जायचे. जवळ म्हणजे किती? कोरड्या रस्त्यावर बेताच्या सरावाच्या स्वाराला ताशी ३६ च्या वेगात भानावर येण्यास एक सेकंद, म्हणजे १० मीटर, आणि थांबण्यास आणखी १० मीटर लागतात असे धरावे. ताशी ५४ च्या वेगात हे २० चे ३७ मीटर होतात, आणि ताशी ७२ ला ६०. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. तेव्हा चौकाकडे येतानाच वेग असा ठेवावा की हा निर्णय सोपा राहील. आणि थांबण्याआधी आरशात पाहावे, कारण मागच्या बसचालकाने पिवळ्या दिव्यात निघून जायचे ठरवलेले असू शकते.

उजवे वळण

डावीकडून चालणाऱ्या देशात उजवे वळण सर्वांत अवघड असते, कारण त्यात समोरून येणारी वाहतूक छेदावी लागते. नवशिक्या रस्त्याच्या डाव्या कडेने येतो आणि फाट्यापाशी एकदम आडवा होतो. मागून येणारे वाहन त्या क्षणी त्याच्या उजव्या अंगाला पोचलेले असते. योग्य क्रम असा. पुष्कळ आधी आरशात पाहावे. इशारा सुरू करावा. मग मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे एक नजर टाकावी, कारण दुचाकीच्या आरशात स्वाराचा स्वतःचा दंड आणि खांदा बराच भाग व्यापतो. जागा असेल तर टप्प्याटप्प्याने मध्यरेषेकडे सरकावे. तेथे गती उतरवून समोरची वाहतूक सरेपर्यंत थांबावे. थांबलेले असताना पुढचे चाक सरळ ठेवावे, म्हणजे मागून धक्का बसलाच तर गाडी समोरच्या वाहनापुढे ढकलली जाणार नाही. वळण्याच्या अगदी आधी पुन्हा एकदा खांद्यावरून पाहावे. ही दुसरी नजर अनेकांना अनावश्यक वाटते. वस्तुतः उजवा इशारा न पाहता मागून उजवीकडून घुसणारा कोणी असेल, तर तो या नजरेतच सापडतो.

भरधाव वाहतुकीच्या दुपदरी महामार्गावर, जेथे उजवे वळण घेणाऱ्यासाठी वेगळी मार्गिका नाही, तेथे मध्यरेषेवर ट्रकांच्या मधोमध उभे राहण्याचे धैर्य नवशिक्याने दाखवू नये. डावीकडे साइडपट्टीवर उतरून, दोन्ही बाजूंचा रस्ता रिकामा झाल्यावर सरळ रेषेत पलीकडे जावे. यात कमीपणा नाही.

रंग, पाणी आणि रात्र

हल्ली रेषा बहुधा तापवून वितळवलेल्या प्लास्टिकयुक्त द्रव्याने आखतात. तिचा थर दोन-अडीच मिलिमीटर जाड असतो आणि त्यात काचेचे बारीक मणी मिसळलेले व वरून पसरलेले असतात. हेडलाइटचा किरण मण्यात शिरतो, आत वळतो, तळच्या रंगावर आपटतो आणि आल्या वाटेने परत फिरतो. म्हणून रात्री रेषा उजळून निघते. पाऊस पडला की मण्यांवर पाण्याचा पातळ पडदा येतो. आता प्रकाश पाण्याच्या पृष्ठावरूनच पुढे निसटतो, आणि ज्या रात्री रेषेची सर्वांत अधिक गरज असते त्याच रात्री ती दिसेनाशी होते. त्यासाठी रस्त्यात पृष्ठभागाच्या वर डोके काढणारे परावर्तक बसवतात. इंग्लंडमधील यॉर्कशरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रबरात बसवलेल्या अशा ‘मांजरीच्या डोळ्या’चे पेटंट घेतले, आपल्या महामार्गांवरील चौकोनी परावर्तक त्याच कुळातले. मात्र दुचाकीचे चाक त्यांच्या कडेवरून तिरपे गेले तर गाडी हिसका खाते, हे ध्यानात ठेवावे.

मोटारचालकाला रंगवलेली रेषा ही फक्त खूण असते. दुचाकीस्वाराला ती एक पृष्ठभागही आहे, आणि ओली झाली की निसरडा पृष्ठभाग. पादचारी पट्टे, मोठे बाण, थांबरेषा या जागा नेमक्या तेथेच असतात जेथे ब्रेक दाबायचे किंवा गाडी झुकवायची वेळ येते. पावसात ब्रेकचे काम पट्ट्यांच्या अलीकडे डांबरावर संपवावे, आणि पट्टे गाडी सरळ व मूठ स्थिर ठेवून ओलांडावेत. लोखंडी झाकणे, पुलांचे सांधे व रेल्वेचे रूळ यांनाही हेच लागू. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले आहे. ते चाक अडकू देत नाही, पण ओल्या रंगावर नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही. पहिल्या पावसाच्या सरीत साचलेली धूळ व तेल यांचा राडा होतो. तो धुऊन जाईपर्यंत विशेष जपावे. चौकात, टोलनाक्यावर मार्गिकेच्या मध्यभागी थांबलेल्या वाहनांचे तेल ठिबकलेले असते, म्हणून मोटारींच्या चाकांनी साफ झालेल्या पट्ट्यातून जावे.

गतिरोधकाची प्रमाणित उंची १० सेंटिमीटर व रुंदी ३.७ मीटर आहे, आणि त्यावर काळेपांढरे पट्टे असावे लागतात. प्रत्यक्षात गावोगावी उंच, अरुंद आणि बिनरंगाचे उंचवटे भेटतात. वस्ती दिसली, शाळा दिसली, पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकामागून एक लागताना दिसले, तर रंगाची वाट न पाहता वेग उतरवावा.

डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवरून गाडी चालवण्याचा मोह नवशिक्याला होतो, कारण तेथे आपण कोणाच्या आड येत नाही असे वाटते. परंतु त्या रेषेपलीकडे पुष्कळ ठिकाणी डांबर संपून साइडपट्टी चार बोटे खाली गेलेली असते. चाक खाली उतरले आणि तसेच तिरपे वर घेऊ गेले, तर ते कडेला घासत राहते, वर चढत नाही, आणि गाडी उजवीकडे, वाहतुकीत, कोसळते. चुकून उतरावे लागले तर गाडी सरळ ठेवून वेग उतरवावा, आणि मग जितके काटकोनात जमेल तितके वळवून वर यावे. कडेच्या रेषेपासून निदान हातभर आत चालावे. रात्री समोरच्या हेडलाइटने डोळे दिपले की तिच्याकडे पाहत गाडी हाकावी. ती आपल्याला रस्त्यावर ठेवते, आणि प्रकाशाकडे ओढला जाणारा डोळा आवरतो.

पाऊस अनावर झाल्यावर थांबावे लागते, आणि थांबण्याची जागा बहुतेकांना उड्डाणपुलाखालीच सापडते. तेथे रस्ता अंधारलेला, मागून येणाऱ्यांच्या काचा पाण्याने भरलेल्या, आणि डावी मार्गिका उभ्या दुचाकींनी अडलेली असते. थांबायचेच असेल तर कडेच्या पांढऱ्या रेषेपलीकडे, रस्ता पूर्ण सोडून गाडी न्यावी. चारही दिवे लुकलुकवण्याची सोय असेल तर तिची हीच वेळ. गाडीवर बसून न राहता, मागून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, गाडीपासून थोडे दूर उभे राहावे.